माळावरचे डोळे, जंगलातले कान: सोलापूरकरांसाठी प्राणी-पक्षी बघायची सुरुवात

दरवर्षी सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून गाड्या भरभरून लोक दांडेलीला जातात, राधानगरी-दाजीपूरला जातात, आणि परत आल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाय राव, नुसती झाडंच हायत." पैसे गेले, पाठ मोडली आणि फोटोत काय तर रिसॉर्टचं मांजर. असं ज्यांचं झालंय किंवा पहिल्यांदाच जायचा प्लॅन आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गंमत अशी आहे की जंगलात प्राणी नसतात असं अजिबात नाही, आपली बघायची सवय वेगळी असते. आपण माळावरची माणसं. सोलापुरातून बार्शी रोडला थोडं बाहेर पडलं की लांबलांबचं दिसतं, नान्नजला काळवीट उभा असेल तर गाडीतूनच कळतं, हूं का चूं करायची गरज नाही. घाटातल्या जंगलात गेलात की वीस-पंचवीस फुटांच्या पुढं पानंच पानं, आणि आपण तिथंही लांबच बघत बसतो. तिथं आधी ऐकायचं, मग बघायचं, आणि नाव सगळ्यात शेवटी. ही सवय घरी बसून लागते आणि फुकट लागते, म्हणून सुरुवात सोलापुरातूनच करा.

पहिलं काम: घराजवळचे दहा-पंधरा पक्षी पक्के करा

हे टाळून कुणी थेट दांडेलीला जात असेल तर जाऊ दे, आपण टाळायचं नाही. चिमणी, साळुंकी, कावळा, घार हे चार पक्षी म्हणजे तुमची मोजपट्टी. कुठलाही नवा पक्षी दिसला की पहिला प्रश्न, चिमणीएवढा की साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? रंग नंतर. नवीन माणूस कायम रंगापासून सुरू करतो, "पिवळा होता, थोडा काळा होता", आणि असे पिवळे-काळे डझनभर निघतात.

साइझ झाला की चोच बघा. जाड आणि आखूड असेल तर दाणे फोडणारा, बारीक टोकदार असेल तर किडे वेचणारा, टोकाला आकडा असेल तर शिकारी. मग शेपूट, लांब की तोकडी, टोकाला फाटलेली की गोल. मग तो करतोय काय, जमिनीवर चालतोय, उड्या मारतोय, खोडाला चिकटलाय, का तारेवर बसून एकदम झेप घेऊन परत तिथंच येतोय. तारेवरून झेप घेऊन परत येणारे आपल्याकडं ढीगभर आहेत, वेडा राघू, कोतवाल, खाटीक, नीलपंख, आणि हे चार जरी नीट वेगळे करता आले तरी निम्मा अभ्यास झाला समजा. कोतवाल काळाकुळकुळीत आणि शेपूट टोकाला दुभंगलेली. वेडा राघू हिरवा, सडपातळ, शेपटीतून मधली दोन पिसं तारेसारखी बाहेर आलेली. खाटकाच्या डोळ्यावरून काळी पट्टी आणि चोच आकडेबाज. नीलपंख बसलेला असताना मातकट दिसतो, कुणी वळूनही बघत नाही, आणि उडाला की पंखातला निळा असा काही उघडतो की गाडी थांबवावी लागते.

विजापूर रोडचा सिद्धेश्वर वनविहार, कंबर तलाव, तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव, या तीन जागा सरावाला पुरतात. सकाळी उजाडता उजाडता पोचायचं. आपल्याकडं उन्हाळ्यात नऊ वाजले की पक्षी पण सावलीला आणि माणूस पण, त्यामुळं दहाला उठून "पक्षी दिसत नाहीत" म्हणणाऱ्यांचं काय करायचं मला कळत नाही.

आणि डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं. खरंच. किती वेगवेगळे आवाज आहेत ते बोटावर मोजायचे, नाव माहीत नसलं तरी चालेल. टुक टुक टुक असा एका लयीत येणारा म्हणजे तांबट, उन्हातसुद्धा थांबत नाही. खोल पोटातून हूप हूप हूप येणारा भारद्वाज. टिटवी तर सगळ्यांनाच माहिती, पण लक्षात ठेवा आपल्याकडं टिटव्या दोन आहेत, डोळ्यापुढं लाल मांस असलेली पाण्याच्या आसपासची, आणि पिवळं मांस, डोक्यावर काळी टोपी अशी कोरड्या माळावरची. दुसरीला माळटिटवी म्हणतात, तिचा आवाज जास्त तोकडा आणि बारीक.

दुर्बीण घेताना

८ बाय ४२ घ्या, विषय संपला. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंग जेवढं रुंद तेवढा उजेड आत जास्त येतो. झाडीत उजेडच कमी असतो त्यामुळं हा दुसरा आकडा महत्त्वाचा. १० वाली दुर्बीण मिळते, माळावर लांबचा ससाणा बघायला बरी, पण हात हलतो आणि एका वेळी दिसणारा भाग लहान होतो, त्यामुळं जंगलात फांदीवरचा पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. ऑनलाइन "शंभर पट झूम" वगैरे लिहिलेलं जे स्वस्तात मिळतं ते लहान पोराला खेळायला द्या.

वापरायची पण एक पद्धत आहे. दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी शोधायचा नसतो. आधी नुसत्या डोळ्यानं पक्षी पकडायचा, नजर तिथंच ठेवायची, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण वर आणून डोळ्यापुढं धरायची. तारेवरच्या कोतवालावर हा सराव करा, संध्याकाळी गच्चीवरून होतो. आणि दुसऱ्याला दाखवताना "ते बघ तिकडं तिकडं" करू नका, झाडावर घड्याळ आहे असं धरा, शेंडा म्हणजे बारा, "तीन वाजता, दुसऱ्या फांदीवर, खोडाजवळ", लगेच सापडतं.

मर्लिन नावाचं ॲप मोबाईलवर टाका, आवाज ऐकून नाव सुचवतं, आपल्याकडच्या भागाचा पॅक घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करा कारण जंगलात रेंज नसते. पण ते सुचवतं, सांगत नाही, हा फरक ध्यानात ठेवा. घाटात भृंगराज नावाचा एक कोतवालाचा भाऊबंद आहे, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाला पिसाचे झुबके, तो बाकीच्या पक्ष्यांच्या नकला करतो आणि ॲप बिचारं एका झाडावर पाच पक्षी दाखवतं.

नान्नजचा माळ: प्राण्यांचा पहिला धडा

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक आता दिसेल या आशेवर जाऊ नका, दिसणं फार दुर्मिळ झालंय, मादी एका वेळी एकच अंडं घालते, ते पण उघड्या जमिनीवर, त्यामुळं त्याचं काय झालं हे सांगायला नको. पण माळ जिवंत आहे. काळविटाचा नर वर काळा-गडद तपकिरी, पोट पांढरं, शिंगं पिळदार. मादी आणि पोरं फिक्कट तपकिरी, मादीला सहसा शिंगं नसतात. इथं नवीन लोक गोंधळतात, मादीला बघून "चिंकारा, चिंकारा" करतात. चिंकारा कळपानं क्वचित, एकटा-दुकटा असतो, शेपूट काळी आणि ती सारखी हलत असते, तोंडावरून डोळ्यापासून खाली गडद पट्टा, आणि चिंकाऱ्याच्या मादीला सुद्धा बारीक आखूड शिंगं असतात.

मग कुत्र्याच्या जातीचे तीन. खोकड सगळ्यात छोटं, मांजरापेक्षा थोडं मोठं, झुपकेदार शेपूट आणि टोक काळं. कोल्हा त्याच्यापेक्षा दणकट, शेपूट तोकडी. लांडगा उंच, लांब पायांचा, चालताना शेपूट खाली, आणि चाल अशी की कुठं जायचंय हे त्याला नक्की ठाऊक आहे. शेपूट वर गुंडाळलेली दिसली तर ते गावातलं कुत्रं आहे, फोटो काढून लांडगा म्हणून स्टेटसला लावू नका. लांडग्याचं बीळ दिसलं, पिल्लं दिसली, तर लोकेशन कुणालाही पाठवायचं नाही, ग्रुपवर तर नाहीच. मेंढपाळ आणि लांडगा यांचं आधीच पटत नाही, त्यात आपली भर कशाला.

आकाशात बघा, एखादा पक्षी हवेत एकाच जागी पंख मारत थांबला असेल तर दोन शक्यता, कापशी किंवा खरुची. कापशी पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे, बाराही महिने. खरुचीची पाठ विटकरी आणि ती हिवाळ्यात येते. आणि हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून, पंख थोडे वर धरून, तरंगत तरंगत फिरणारे लांब शेपटीचे शिकारी पक्षी दिसले तर ते भोवत्या. त्यांच्यातल्या जाती ओळखायचा हट्ट पहिल्या वर्षी करू नका, "भोवत्या, मादी किंवा पिल्लू" एवढं लिहिलं तरी पुरे.

डोंबारी मात्र चुकवू नका. चिमणीएवढा चंडोल जातीतला पक्षी, नराचं पोट काळं आणि डोकं राखी. जमिनीवर बसला की ढेकूळ आणि तो एकच. पावसाच्या सुरुवातीला सरळ वर चढतो, मग पंख मिटून धाडकन खाली येतो, जमिनीला लागणार असं वाटतं तेवढ्यात परत वर, परत खाली, आणि दरवेळी शीळ. कुसळीचं गवत पायाला टोचत असतं, मोजे कुसळांनी भरलेले, आणि माणूस मान वर करून उभा.

आता जंगल

सोलापूरहून कोल्हापूरमार्गे राधानगरी, किंवा विजापूर, धारवाड, हळियाळ करत दांडेली, दोन्ही एका लाँग वीकेंडला होतात. राधानगरीचं अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं, गव्यांसाठी केलेलं. पावसाळ्यात बहुतेक जंगलं बंद असतात, आधी वनखात्याकडं चौकशी करून मगच सुट्टी टाका. स्थानिक गाइड घ्या. इथं काटकसर नको, तो पोरगा ज्या फांदीकडं बघतोय तिकडं बघितलं तरी तुमची ट्रिप वसूल.

कपडे मातकट, खाकी, मळका हिरवा. पांढरा शर्ट नको. अत्तर-सेंट नको. आणि कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात बांधा, प्लास्टिकच्या पुडीत नको, कारण पुडीचा चर्र आवाज पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जातो आणि वर माकडं येतात ते वेगळंच.

आत गेल्यावर चालत सुटायचं नाही. ही चूक सगळे करतात, चार तासात आठ किलोमीटर चालले आणि दिसलं काय तर पुढच्याची पाठ. उंबर, वड, पिंपळ यातलं पिकलेल्या फळांनी भरलेलं एक झाड शोधा आणि थोडं बाजूला, उन्हाकडं पाठ करून, बसा. पिकलेलं वडाचं झाड म्हणजे फुकटची खानावळ, सगळे येणार. आपला राज्यपक्षी हरियाल तिथंच मिळतो, हिरवट-पिवळा, पाय पिवळेधमक, आणि पानात असा मिसळलेला की तीस बसलेले असतात आणि आपल्याला एक पण दिसत नाही, फळं खाली पडतायत म्हणून वर बघावं लागतं.

घाटातल्या जंगलाची अजून एक खोड माहीत असू द्या. बराच वेळ काहीच नाही, शुकशुकाट, आणि मग एकदम दहा-बारा जातींचे पक्षी एकत्र येतात, कुणी खोडावर, कुणी शेंड्याला, कुणी झुडपात, पाच-सात मिनिटांत सगळं झाड ढवळून पुढं निघून जातात. याला मिश्र थवा म्हणतात, एकमेकांनी उठवलेले किडे खायला आणि जास्त डोळ्यांनी शत्रूवर नजर ठेवायला ते असे फिरतात. तो आला की फोटोच्या मागं लागू नका. एक पक्षी धरा, नीट बघा, मग दुसरा. सगळे बघायला गेलात तर एकही बघून होत नाही.

शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी भलीमोठी खार, दिसणं नवख्याला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात भारी. राज्यप्राणी आहे, भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ ला मुख्यतः त्याच्यासाठीच झालं. आधी ऐकू येतो, चक् चक् चक् असा खडखडाट शेंड्यातून, किंवा कुरतडलेल्या फळाचे तुकडे डोक्यावर पडतात. वर बघा, फांदीवरून एक भलीमोठी तांबूस शेपटी खाली लोंबतेय. कधी कधी मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकतं आणि पुढच्या दोन हातांत फळ धरून खातं, शेपटीनं तोल सांभाळतं. पाठ तांबडी-काळपट, पोट फिक्कट, रंग भागाभागात बदलतो. दिसलं नाही तर शेंड्याजवळ फांद्यांच्या बेचक्यात पानांचे मोठे गोळे शोधा, ती त्याची घरटी, एक शेकरू आपल्या हद्दीत अशी बरीच बांधतं, त्यामुळं गोळा दिसला म्हणजे आत कुणी आहेच असं नाही.

धनेशासाठी, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिलसाठी, दांडेलीसारखी जागा नाही, तिथं चार जातीचे मिळतात. महाधनेश म्हणजे पिवळी चोच, वर पिवळं मोठं शिरस्त्राण, आणि उडताना पंखांचा घूं घूं आवाज एवढा की बघायच्या आधी कळतं, आगगाडीचं इंजिन लांबून यावं तसं. कवड्या धनेशाचं पोट पांढरं, अंगानं थोडा लहान. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंगच नाही आणि ओरडणं वेड्यासारखं हसल्यागत. चौथा साधा राखी धनेश, चोचीवर छोटं टोकदार शिंग, लांब शेपूट, तो कोरड्या भागातही राहतो. उन्हाळ्याच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, बारीक फट ठेवते, नर तिथून खाऊ घालतो. अशी ढोली सापडली तर लांबूनच बघा आणि लवकर निघा. आपण खाली गर्दी केली की नर फळ चोचीत धरून तासभर लांब बसून राहतो आणि आत ती उपाशी.

इशारे आणि पायखुणा

बिबट्या, वाघ बघायचाय असं सगळ्यांना वाटतं. तो तुम्हाला दिसत नसतो, तुम्ही त्याला दिसता. पण त्याची बातमी बाकीचे देतात. वानर झाडावरून खक्-खक् करून ओरडलं आणि एकाच दिशेला बघत असेल, चितळ आखूड टूंव् टूंव् करत शेपटी वर करून उभं असेल, तर थांबा. सांबराचा ढाँक हा सगळ्यात भरवशाचा, सांबर उगीच ओरडत नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि कधीकधी माणसाला बघूनही भुंकत राहतं, त्यामुळं त्याच्यावर एकट्यावर भरवसा नको. वानर आणि चितळ दोघं एकदम ओरडले तर गाइडचं तोंड बघा, त्याचं तोंडच सांगतं.

हरणांत गोंधळ नको: चितळाला आयुष्यभर पांढरे ठिपके, सांबर मोठं, मळकट तपकिरी, मानेवर राठ केस, भेकर छोटं, तांबूस, पाठ थोडी कमानदार. पिसोरी तर सशाएवढीच, अंगावर पांढरे पट्टे-ठिपके, बहुतेक रात्रीची, दिसली तर नशीब. गवा ओळखायला काही लागत नाही, गुडघ्याखाली पांढरे पायमोजे, मोठा नर काळा, माद्या आणि पिल्लं तपकिरी. एकटा नर रस्त्यात उभा असेल तर हॉर्न मारू नका, गाडी थांबवा, त्याला जाऊ द्या. वानर आणि माकड सुद्धा वेगळे, वानराचं तोंड काळं नि शेपूट लांबलचक, आपल्या दक्षिणेकडच्या माकडाच्या डोक्यावर केसांचा टोपीसारखा भांग आणि तोंड फिक्कट गुलाबी.

मुंगसांत एक छोटी खूण आहे, फार कामाची. आपल्या सोलापुरातलं रस्ता ओलांडणारं साधं मुंगूस, शेपटीचं टोक फिक्कट. शेपटीचं टोक काळं आणि वर वळलेलं असेल तर ते वेगळं, तांबूस मुंगूस. आणि घाटात मानेवर काळा पट्टा असलेलं, अंगानं चांगलंच मोठं मुंगूस दिसलं तर वही काढा.

सकाळी ओल्या मातीत, ओढ्याच्या काठाला खाली बघत चला. मांजराच्या जातीचा पंजा गोल, नखं उमटत नाहीत कारण चालताना नखं आत असतात, मागच्या गादीला खाली तीन उंचवटे. कुत्र्याच्या जातीचा लांबट आणि नखं उमटलेली. गव्याचा खूर आपल्या बैलासारखाच पण मोठा. रानडुकराच्या खुरामागं दोन ठिपके बाजूला पसरलेले. तरसाची विष्ठा हाडं खाल्ल्यानं वाळून पांढरी पडते, ही आपल्या माळालगत पण सापडते. फोटो काढताना शेजारी पेन किंवा नाणं ठेवा नाहीतर नंतर आकार कळत नाही.

वही आणि थोडे नियम

वहीत नाव नाही, दिसलं ते लिहा. तारीख, वेळ, जागा, किती मोठा, कुठं बसलेला, काय करत होता, आवाज कसा. नाव घरी येऊन लावा. आपल्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली, १९३२ ते २०२५, वनखात्यात नोकरी करत करत आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावं ऐकून टिपत राहिले, शेवटी सोलापुरातच गेले. तुम्हीही धनगर, गुराखी, गाइड यांना विचारा, "याला तुम्ही काय म्हणता?" बऱ्याचदा तेच नाव जास्त अचूक असतं.

रेकॉर्ड केलेला आवाज मोबाईलवर वाजवून पक्षी बोलवायचा नाही, त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. घरट्याजवळ फांदी मोडून फोटोला जागा करायची नाही. रात्री टॉर्च मारत फिरायचं नाही. माकडांना खायला द्यायचं नाही. हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या भीतीनं करा नाहीतर अक्कल म्हणून करा, पण करा.

आणि एक राहिलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यात बऱ्याच अभयारण्यांत पाणवठ्याशेजारी मचाणावर बसायला मिळतं, वनखात्याकडं आधी नाव द्यावं लागतं. चांदण्यात रात्रभर बसायचं, पाण्यावर कोण आलं, किती वाजता, किती जण, ते कागदावर लिहायचं. पाणी भरपूर घ्या, पातळ चादर घ्या, खोकला झाला असेल तर त्या वर्षी जाऊ नका, आणि पोटात चहा गच्च भरून मचाणावर चढू नका, कारण सकाळपर्यंत खाली उतरू देत नाहीत.